मोठ्या पडद्यावरचा लहान माणूस

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित प्रत)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते सर फिल्म सोसायटीतले माणूस होते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. अमुक सिनेमा पाहिला असे कोणी मोठ्या उत्साहाने सांगू लागले, की सर आधी विचारायचे, "कुठे पाहिलास?" त्यांच्या लेखी हा सिनेमाच्या अर्थाचा प्रश्न होता. आज त्याच प्रश्नावर बोलायचे मी ठरवले आहे, आणि त्यासाठी एकच चित्रपट निवडला आहे: डेव्हिड लीन यांचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'.

चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, म्हणून तपशील थोडक्यात सांगतो. १० डिसेंबर १९६२ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या ओडियन चित्रपटगृहात त्याचा पहिला खेळ झाला. निर्माते सॅम स्पीगल, छायाचित्रण फ्रेडी यंग यांचे, संगीत मॉरिस जार यांचे, संकलन अ‍ॅन कोट्स यांचे. दहा नामांकने आणि सात ऑस्कर. पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याविरुद्ध अरबांनी १९१६ साली उठाव केला. त्या उठावात सामील झालेला टी. ई. लॉरेन्स हा इंग्रज अधिकारी या कथेचा नायक. ही भूमिका पीटर ओटूल यांनी केली आणि त्या एका चित्रपटाने त्यांना जगभर नाव मिळाले.

अशा चित्रपटांचे कौतुक आपण बहुधा खर्चाच्या भाषेत करतो. किती उंट, किती घोडे, किती महिने चित्रीकरण, सेट केवढा मोठा. या चित्रपटाबाबतही तसे बोलता येईल. जॉर्डनचे वाळवंट, स्पेन आणि मोरोक्को एवढ्या ठिकाणी त्याचे चित्रीकरण झाले. स्पेनच्या किनाऱ्यावर अकाबा हे अख्खे बंदर उभारले होते. पण मला त्यात फारसा रस नाही. माझे म्हणणे असे आहे की या चित्रपटात पडद्याचा मोठेपणा हा नुसता डामडौल नाही, तो कथेतला युक्तिवाद आहे. मोठ्या पडद्यावर इथला माणूस लहान दिसतो. छोट्या पडद्यावर तोच माणूस मोठा होऊन बसतो. त्यामुळे हा एकच चित्रपट दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. एका ठिकाणी ती वीरकथा असते, दुसऱ्या ठिकाणी वीर होऊ पाहणाऱ्या माणसाची उलटतपासणी.

आपल्याकडे ७० एमएम म्हटले की पहिल्यांदा 'शोले' आठवतो, आणि मुंबईच्या 'मिनर्व्हा' चित्रपटगृहाचा पडदा. पण 'शोले' चित्रित झाला होता नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर. मग तो मोठा करून ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर आणला गेला. 'लॉरेन्स'चे तसे नाही. त्याचे चित्रीकरणच ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर झाले. प्रिंट ७० मिलिमीटरची, कारण कडेच्या जास्तीच्या जागेत ध्वनीचे चुंबकीय पट्टे बसवायचे होते. म्हणजे मोठेपणा मागाहून फुगवलेला नव्हता, कॅमेऱ्यातच होता. क्षितिजाजवळचा धुळीचा लोट, दूरच्या डोंगराच्या पायथ्याशी सरकणारी माणसे, वाळूवरच्या बारीक लहरी हे सगळे त्या निगेटिव्हवर खरोखर उमटलेले आहे. दिग्दर्शकाला हे माहीत होते. म्हणून कथेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अगदी बारीक करून, चौकटीत दूर कुठेतरी ठेवण्याचे धाडस तो करू शकला.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे विहिरीचा प्रसंग. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या तफस वाळवंटातल्या एका विहिरीवर थांबले आहेत. दूर क्षितिजावर काहीतरी थरथरते. ते पाणी आहे, धूळ आहे की माणूस, कळत नाही. त्या थरथरीतून हळूहळू एक काळा ठिपका तयार होतो, ठिपक्याचा उंट होतो, उंटावरचा स्वार होतो. तो शरीफ अली, म्हणजे ओमर शरीफ. हे मृगजळ टिपण्यासाठी फ्रेडी यंग यांनी ४८२ मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे भिंग वापरले. जाफरच्या सपाट मैदानावर उंट फार दूर नेला आणि त्याला कॅमेऱ्याकडे सरळ चालत येऊ दिले. पार्श्वसंगीत नाही. बराच वेळ संवादही नाही. मग एक गोळी, आणि तफस कोसळतो, कारण ती विहीर दुसऱ्या कबिल्याची आहे.

मोठ्या पडद्यावर या प्रसंगात प्रेक्षक काय करतो? तो शोधतो. ठिपका आहे की नाही, याची त्याला स्वतःला खात्री करून घ्यावी लागते. शेजारचा माणूस पुढे झुकलेला असतो. काही जणांना तो आधी दिसतो, काहींना नंतर. तफसलाही तो आपल्या आधी दिसलेला असतो. वाळवंटात जगणाऱ्याला पाहता यावे लागते, आणि ज्याला पाहता येत नाही त्याच्या हातून वेळ निसटते, ही गोष्ट कोणताही संवाद न बोलता प्रेक्षकाच्या डोळ्यांना शिकवली जाते.

यावर एक रास्त आक्षेप येईल, विशेषतः मागे बसलेल्या तरुण मित्रांकडून. मोबाइल आपण जवळ धरतो, मग ठिपका लहान कसा? हिशोब करून पाहू. समजा ठिपका चौकटीच्या रुंदीच्या दोनशेव्या भागाएवढा आहे. पडदा १५ मीटर रुंद असेल तर तो साडेसात सेंटिमीटरचा होतो. १५ सेंटिमीटर रुंदीच्या मोबाइलवर तो पाऊण मिलिमीटरचा. मोबाइल एक फुटावर आणि पडदा बारा मीटरवर धरला, तरी डोळ्याला पडद्यावरचा ठिपका सुमारे अडीचपट मोठा दिसतो. पण माझा भर या गणितावर नाही. मोबाइलवर संपूर्ण चौकट एका नजरेत मावते. मोठ्या पडद्यावर ती मावत नाही, नजर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवावी लागते. फिरवली की काहीतरी सुटते आणि काहीतरी सापडते. मोबाइलवर आपण वाळवंटाचे चित्र पाहतो, सभागृहात आपण वाळवंटात शोध घेतो.

दूरदर्शन संचाच्या जुन्या काळात तर याहून वाईट होते. या चित्रपटाची चौकट उंचीच्या २.२ पट रुंद आहे, जुन्या टीव्हीची सुमारे १.३३ पट. पडदा भरायचा म्हणून दोन्ही बाजू कापल्या की चित्राचा जवळजवळ ४० टक्के भाग जातो. जातो तो काय? रिकामी वाळू जाते. उरतो नायकाचा चेहरा. वाळू कापली की वीरकथा उरते. ज्यांनी हा चित्रपट फक्त असा पाहिला, त्यांना तो साम्राज्यवादी पराक्रमाचा वाटला असेल, तर दोष त्यांचा नाही; त्यांच्यापर्यंत चित्रपटातले वाळवंट पोहोचलेच नव्हते.

आता काळाबद्दल. सभागृहात हा चित्रपट अंधारात सुरू होतो. पडद्यावर काही नाही, फक्त मॉरिस जार यांचे संगीत. मध्ये मध्यंतर, मध्यंतरानंतर पुन्हा संगीत. घरी पाहणारा हा भाग पुढे ढकलतो. सभागृहात ढकलता येत नाही, आणि तेवढ्यात श्वासाची गती बदलते. मग कैरोमधल्या कचेरीत लॉरेन्स जळती काडी बोटांत धरतो आणि फुंकर मारतो. फुंकरीसरशी पडद्यावर वाळवंटाचे क्षितिज, आणि त्यावर हळूहळू वर येणारा सूर्य. मूळ योजना दोन दृश्ये एकमेकांत विरघळवण्याची होती. अ‍ॅन कोट्स यांनी ती सरळ जोडलेली पाहिली आणि तसाच थेट छेद ठेवला. काडी विझवणारा माणूस पोरकटपणे आगीशी खेळतो आहे, आणि पुढच्याच क्षणी त्याच्यासमोर असा सूर्य आहे जो कोणाच्या फुंकरीने विझणार नाही. पुढचे साडेतीन तास या एका छेदाचा विस्तार आहेत.

या विस्तारातला सर्वांत कठोर भाग म्हणजे गासिमची कथा, आणि तिच्याशी आपले नाते आहे, कारण गासिमची भूमिका आय. एस. जोहर यांनी केली. 'जोहर मेहमूद इन गोवा'मधला आणि 'जॉनी मेरा नाम'मधला तिहेरी भूमिकेचा जोहर आपल्याला आठवतो तो हसवणारा माणूस म्हणून. इथे तो नफूद वाळवंट ओलांडताना रात्री उंटावरून पडलेला, सकाळच्या उन्हात एकटा पायी चालणारा माणूस आहे. अंगावरचे ओझे तो एकेक करून टाकत जातो. अलीचे मत पक्के आहे की गासिमची वेळ भरली, हे लिहिलेलेच होते. लॉरेन्स एकटा मागे फिरतो आणि त्याला घेऊन येतो. सगळी पलटण जल्लोष करते. पुढे अकाबाच्या वेशीवर दोन कबिल्यांत खून होतो. सुडाची साखळी तोडायची तर खुन्याला अशा माणसाने मारायला हवे ज्याचा कोणत्याच कबिल्याशी संबंध नाही. लॉरेन्स पुढे होतो, आणि समोर खुनी म्हणून गासिम उभा असतो. ज्याला मरणातून ओढून आणले त्यालाच तो एकामागून एक गोळ्या घालतो. नंतर वरिष्ठांसमोर त्याला कबूल करावे लागते की त्याला त्यात सुख वाटले. नियतीला हरवले असे वाटणाऱ्या माणसाला स्वतःच्या आत काय सापडते, हे या दोन प्रसंगांच्या जोडीतून कळते. लॉरेन्सच्या आत्मकथनात गासिमची सुटका आहे, पण ज्याला त्याने देहदंड दिला तो वेगळाच माणूस होता. दोघांना एक करणे ही पटकथाकारांची कल्पना. इतिहास म्हणून ती चूक आहे, नाट्य म्हणून ती चित्रपटाचा कणा आहे.

अकाबावरचा हल्ला मात्र एका दीर्घ नजरेत दिसतो. स्वारांचा लोंढा गावातून समुद्राकडे धावतो, कॅमेरा त्यांच्याबरोबर वळत जातो, आणि शेवटी थांबतो तो समुद्राकडे तोंड केलेल्या तोफेवर. तोफा चुकीच्या दिशेला आहेत, कारण वाळवंटातून कोणी येईल असे कोणाला वाटलेच नव्हते. प्रत्यक्षात निर्णायक चकमक २ जुलै १९१७ रोजी अकाबापासून बऱ्याच आत, अबू अल लिसान इथे झाली, आणि ६ जुलैला अकाबा फारशा लढाईशिवाय हाती आले. त्या चकमकीत धावत्या उंटावरून गोळी झाडताना लॉरेन्सने चुकून आपल्याच उंटाला मारले होते. चित्रपटाने तो प्रसंग घेतला नाही, पण त्याचे तात्पर्य घेतले.

मध्यंतरानंतर चित्रपट उलटा फिरतो. पहिल्या भागात माणूस ठिपका होता आणि प्रदेश अफाट. दुसऱ्या भागात पांढऱ्या झग्यातला लॉरेन्स पाडलेल्या आगगाडीच्या टपावर चालतो, खाली लोक त्याचा जयजयकार करतात, अमेरिकन वार्ताहर छायाचित्रे काढतो. त्याची सावली वाळूवर लांब पडते. इथे मोठा पडदा निर्दय होतो. माणूस स्वतःला जसा मोठा समजू लागतो तसा त्याचा चेहरा पडद्यावर दहा-पंधरा फुटांचा होतो, आणि त्या चेहऱ्यावरची धुंदी, भीती, मग तफास गावच्या कत्तलीनंतरचे रक्त लपवायला जागा राहत नाही. खरा लॉरेन्स पाच फूट पाच इंच उंचीचा होता, ओटूल सहा फुटांहून उंच. नाटककार नोएल कॉवर्ड यांच्यासारख्यांनी ओटूलच्या देखणेपणावर थट्टाही केली. पण उंच, देखणा नट घेतल्यामुळेच त्याचे खचणे उठून दिसते.

इथवर मी स्तुती केली. आता मोठ्या पडद्याने काय झाकले तेही सांगायला हवे, कारण भव्यतेसमोर प्रश्न विचारणे थांबवणारा प्रेक्षक हा प्रेक्षक नव्हे, भक्त असतो.

पहिली गोष्ट, पावणेचार तासांच्या या चित्रपटात एकाही स्त्रीला संवाद नाही. दुसरी, प्रमुख अरब भूमिकांपैकी उठावाचे नेते फैसल हे अ‍ॅलेक गिनेस यांनी आणि कबिलाप्रमुख औदा अबू तायी हे अँथनी क्विन यांनी रंगरंगोटी करून केले. औदाच्या वंशजांनी या चित्रणाबद्दल निर्मात्यांवर दावाही लावला होता. तिसरी आणि गंभीर गोष्ट दमास्कसची. १ ऑक्टोबर १९१८ रोजी दमास्कस पडले. चित्रपटात अरबांची परिषद भांडते, वीज आणि पाणी बंद पडते, आणि काही दिवसांतच सगळे वाळवंटात परत निघून जातात. जणू राज्य चालवणे त्यांना जमणारच नव्हते. इतिहास असा नाही. फैसलचे शासन दमास्कसमध्ये जवळजवळ २२ महिने चालले. मार्च १९२० मध्ये त्यांना सीरियाचा राजा घोषित केले गेले, आणि जुलै १९२० मध्ये मैसलूनच्या लढाईनंतर फ्रेंच फौजेने ते राज्य मोडले. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९१६ सालीच सायक्स-पिको करारात हा मुलूख वाटून घेतला होता. चित्रपट कराराचा उल्लेख करतो, पण राज्य मोडण्याचे खापर अखेर कबिल्यांच्या भांडणावर फोडतो. पडदा कितीही रुंद असला तरी ही बाजू चौकटीबाहेर राहिली.

चौथी गोष्ट आपल्या घरची. उठावापूर्वी, एप्रिल १९१६ मध्ये, याच लॉरेन्सला मेसोपोटेमियात पाठवले गेले होते. कुत अल अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेची पैसे देऊन सुटका करता येते का, हे पाहायला. तुर्की सेनापतीने नकार दिला. ती अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या, आणि त्यांत कोकणातली आणि देशावरची माणसे होती. १४७ दिवसांचा वेढा संपला २९ एप्रिल १९१६ रोजी, शरणागतीने. सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली, आणि वाळवंटातल्या पायपिटीत, उपासमारीत आणि रोगराईत त्यांतली हजारो मेली. पुढे दमास्कसवर चालून गेलेल्या ब्रिटिश सेनापती अ‍ॅलन्बींच्या घोडदळातही दोन डिव्हिजन मुख्यतः हिंदी स्वारांच्या होत्या. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या दोन रिसाल्यांची नावे त्यांत आहेत. या माणसांना लॉरेन्सच्या कथेत स्थान नाही. याबद्दल इंग्रज दिग्दर्शकाकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. कुतच्या वेढ्यावर मोठ्या पडद्याला साजेसा मराठी चित्रपट झालेला नाही, ही तक्रार आपण आपल्याकडे करावी.

आता एक प्रश्न उरतो. १९६२ सालचा हा चित्रपट आज त्याच्या मूळ आकारात पाहता येतो, तो कसा? तो आपोआप टिकलेला नाही. मूळ लांबी २२२ मिनिटांची होती. प्रदर्शनानंतर थोड्याच काळात सुमारे २० मिनिटे कापली गेली, १९७० च्या सुमारास आणखी १५. कापलेले तुकडे विस्कळीत झाले, काहींचा ध्वनी हरवला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्रपट जीर्णोद्धारक रॉबर्ट हॅरिस यांनी त्या तुकड्यांचे डबे शोधले. हरवलेल्या ध्वनीसाठी ओटूल, गिनेस आणि क्विन यांना पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर तेच संवाद पुन्हा बोलायला बोलावले. सेनापतीची भूमिका करणारे जॅक हॉकिन्स हयात नव्हते, त्यांच्यासाठी दुसऱ्या नटाचा आवाज वापरला. लीन आणि कोट्स पुन्हा संकलनाच्या टेबलावर बसले, आणि १९८९ मध्ये जवळपास पूर्ण चित्रपट ७० मिलिमीटरमध्ये परत आला. २०१२ मध्ये मूळ निगेटिव्हवरून डिजिटल जीर्णोद्धार झाला, तेव्हा त्या निगेटिव्हवर उष्णतेने पडलेल्या बारीक भेगाही एकेक करून बुजवाव्या लागल्या. एका चित्रपटासाठी एवढे झाले, कारण तो मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिला जाईल असा कोणाचा तरी विश्वास होता.

आपल्याकडे काय झाले? फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही, त्याचा काही भागच उरला आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ पासून आहे, पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घातले. तरीही २००३ मध्ये त्याच पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांसह अनेक जुन्या चित्रपटांची रिळे गेली. दुसऱ्या बाजूने मोठ्या पडद्याची एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून बंद होत आहेत. चित्रपट जपायचा आणि तो दाखवायला जागाच ठेवायची नाही, हे जपणे अर्धे आहे.

म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो. पहिली, शहरातल्या फिल्म सोसायटीचे सभासद व्हा, आणि खेळाला या; वर्गणी भरून घरी बसू नका. दुसरी, जीर्णोद्धार झालेला कोणताही जुना चित्रपट, मराठी असो वा परका, चित्रपटगृहात लागला तर त्याचे तिकीट काढा. ते तिकीट विकले गेले नाही तर पुढचा चित्रपट दुरुस्त करायला कोणी पैसे घालणार नाही. तिसरी, घरात जुन्या मराठी चित्रपटांची रिळे, छायाचित्रे, जाहिरातीची पुस्तके पडून असतील तर ती रद्दीत देऊ नका, संग्रहालयाला कळवा.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा निर्दोष चित्रपट नाही. तो इतिहास वाकवतो, आणि कोणाच्या बाजूने वाकवतो हे आज आपण पाहिले. तरीही माणसाच्या अहंकाराचे माप घेण्यासाठी पडद्याचा आकार इतक्या नेमकेपणाने वापरलेला दुसरा युद्धपट मला माहीत नाही. तो मोबाइलवर पाहिलेल्यांनी तो पाहिला असे मी धरत नाही. कुठे मोठ्या पडद्यावर लागला तर जा, पहिल्या मिनिटाच्या आधी खुर्चीत बसा आणि मध्यंतरानंतर वेळेवर परत या.